हजेरीपटातला सतरा नंबर

यंदाच्या दिवाळीत आमची नात पुण्याहून यवतमाळला आली होती. आली म्हणजे काय, शरीराने आली! लॅपटॉप उघडाच. फराळाची बशी एका बाजूला, यंत्र एका बाजूला आणि ही मधे कपाळावर आठ्या घालून बसलेली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी न राहवून विचारलं, "काय गं बेटा, एवढं काय अडलंय?"

ती म्हणाली, "आबाजी, तुम्हाला सांगून समजणार नाही."

आता सदतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला असं म्हणायचं म्हणजे चूलच पेटवायची! मी म्हटलं, "तू सांग तर खरं. समजलं नाही तर दोष सांगणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा नव्हे. हे मी वर्गात चाळीस पोरांना कबूल करत आलो आहे."

मग तिने सांगितलं. आणि मंडळी, गंमत अशी की मला ते समजलं. नुसतं समजलं नाही, तर १९८६ सालची माझी एक चूक, जी मी कधी कुणाला नीट सांगितली नव्हती, ती समोर येऊन उभी राहिली. म्हणून हा लेख. आमच्या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्या नातेवाइकांनी घाबरू नये, मी संगणक शिकवायला बसलेलो नाही.

आधी तिचं काम काय ते सांगतो. ती यंत्रांवरचे पडदे लिहिते. म्हणजे एखाद्या यंत्राला समोर काचेचा पडदा असतो, त्यावर बटणं, दिवे, आकडे दिसतात, ते सगळं. असं यंत्र चालवणारा प्रोग्राम दोन भागांत असतो म्हणे. एक मागचा भाग, जो यंत्राशी बोलतो. तो ती सी प्लस प्लस नावाच्या भाषेत लिहितात. दुसरा पुढचा भाग, जो माणसाशी बोलतो. तो वेगळ्या भाषेत, तिचं नाव क्यूएमएल. हे सगळं साहित्य 'क्यूटी' नावाच्या संचातलं. नॉर्वेतल्या एका कंपनीने तो संच १९९० च्या दशकात बाहेर काढला, आणि ही क्यूएमएल भाषा त्यात २०१० साली आली. क्यूटीचा उच्चार मात्र 'क्यूट' असा करायचा असतो, हे तिने मला दोनदा सांगितलं.

मी विचारलं, "एकाच यंत्राला दोन भाषा कशाला?"

ती म्हणाली, "मागच्या भाषेत आम्ही हुकूम देतो. आधी हे कर, मग ते कर. पुढच्या भाषेत हुकूम नसतो, नुसतं सांगायचं असतं. बिघाड असेल तेव्हा दिवा लाल आहे. बस. तो लाल केव्हा करायचा, कसा करायचा, हे पडदा आपलं आपण बघतो."

मी हसलोच. म्हटलं, "अगं, हे तर सातवीचं व्याकरण! एक आज्ञार्थी वाक्य, एक विधानार्थी वाक्य." 'दिवा लाल कर' हे आज्ञार्थी. 'बिघाड असेल तेव्हा दिवा लाल असतो' हे विधानार्थी. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप जरा माझ्याकडे वळवला. वर्गात मुलाने पाटी वळवून दाखवली की समजायचं, गाडी रुळावर आली!

आता अडचण. यंत्राच्या अवस्था ठरलेल्या असतात. बंद, तयार, चालू, बिघाड. या चारच. पाचवी नाही. अशा ठरलेल्या नावांच्या यादीला त्यांच्यात 'एनम' म्हणतात. आपण मोजदाद म्हणू. मागच्या भाषेत ही यादी लिहिली की यंत्र प्रत्येक नावाला मनातल्या मनात आकडा देतं, आणि मोजायला सुरुवात शून्यापासून करतं. बंद म्हणजे ०, तयार म्हणजे १, चालू म्हणजे २, बिघाड म्हणजे ३. तुम्ही लिहिता नाव, आत जातो आकडा.

पुढच्या पडद्याला मात्र ही नावं आपोआप कळत नाहीत. मागच्याने मुद्दाम ओळख करून द्यावी लागते. तशी सोय आहे, पण चार ओळी जास्त लिहाव्या लागतात. तिच्या आधी ते काम करणाऱ्या कुणा मुलाने कंटाळा केला. त्याने विचार केला असणार, आत शेवटी आकडाच आहे ना, मग आकडाच पाठवू. पडद्याच्या बाजूला त्याने लिहून ठेवलं: २ आला तर हिरवा दिवा आणि 'चालू', ३ आला तर लाल दिवा आणि 'बिघाड'. काम झालं. वर्षभर उत्तम चाललं.

मग यंत्रात सुधारणा झाली. तयार होण्याआधी ते तापतं, तेव्हा तीही अवस्था दाखवायची ठरली. मागचं काम करणाऱ्याने यादीत 'बंद'नंतर 'तापतंय' असा शब्द घातला. योग्य जागीच घातला, क्रमाने तो तिथेच यायला हवा. पण त्यामुळे काय झालं? तापतंय झालं १, तयार झालं २, चालू झालं ३ आणि बिघाड झाला ४. पडद्याला कुणी सांगितलंच नाही. पडदा जुन्याच आकड्यांवर!

आता बघा. यंत्र नुसतं तयार असलं की पडदा म्हणतो चालू. यंत्र चालू झालं की पडदा म्हणतो बिघाड. आणि खरोखर बिघाड झाला की ४ येतो, ४ म्हणजे काय हे पडद्याला ठाऊकच नाही, म्हणून पडदा कोरा. ज्या क्षणी बोलायला हवं, त्या क्षणी गप्प. नशीब, हे यंत्र बाहेर पडायच्या आधी तपासणीतच सापडलं. आणि चूक कुणाची म्हणाल तर कुणाचीच नाही. मागच्याचं बरोबर, पुढच्याचंही बरोबर. दोघांच्या मधली वाट चुकली.

हे ऐकता ऐकता माझा चहा गार झाला. कारण हे सगळं माझ्या हातून आधी घडून गेलं होतं, आणि माझ्याकडे ते तपासणीत सापडलं नव्हतं.

१९८६ साली मी दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत होतो. सातवीचा वर्गशिक्षक. हजेरीपट माझ्याकडे. मुलं-मुली एकाच यादीत, आडनावाच्या अकारविल्ह्याने, बेचाळीस नावं. अक्षर चांगलं असल्याचा मला थोडा गर्व होता, हेही कबूल करतो. ऑगस्टच्या शेवटी घटक चाचणी झाली. त्यानंतर एक मुलगा बदलून आलेल्या वडिलांबरोबर आमच्या शाळेत दाखल झाला. नियमाने म्हणाल तर त्याचं नाव शेवटी, त्रेचाळीस नंबरवर लिहायचं. पण सप्टेंबरचा नवा पट आखताना मला ते शेवटी लोंबकळणारं नाव खटकलं. मी ते अकारविल्ह्याने योग्य जागी बसवलं, दहाव्या नंबरवर. पट सुरेख दिसू लागला. दहानंतरच्या प्रत्येकाचा नंबर एकाने पुढे सरकला.

गणिताच्या सरांनी चाचणीचे गुण मला दिले ते एका कागदावर, जुन्या नंबरांनी. नावं नाहीत. नावं लिहायची काय गरज, नंबर आहे ना! मी ते गुण नव्या नंबरांवर उतरवले. दहापासून पुढच्या प्रत्येकाला त्याच्या पुढच्याचे गुण मिळाले. नवा मुलगा चाचणीला बसलाच नव्हता, त्याला ५० पैकी २९. आणि शेवटचा त्रेचाळीसावा, त्याच्या नावापुढे कागदावर आकडाच नव्हता, म्हणून मी लाल शाईने लिहिलं 'गै. ह.'. गैरहजर. तो पोरगा पहिल्या बाकावर बसून पेपर देत होता हे माझ्या डोळ्यांनी मी पाहिलं होतं, पण कागद म्हणतो गैरहजर, म्हणजे गैरहजर.

सतरा नंबरची एक मुलगी होती. जुन्या पटात ती सोळा. गणितात हुशार, ५० पैकी ४४ होते तिला. तिच्या प्रगतिपत्रकावर मी लिहिले ११.

मंडळी, इथे मला जी गोष्ट लागते ती ही, की ती काही बोलली नाही. शेवटचा पोरगा भांडायला आला, "गुरुजी, म्या त पेपर देल्ला, गैरहजर काऊन लिवलं?" म्हणून आला. ज्यांचे गुण वाढले ते अर्थातच आले नाहीत. आणि ज्यांचे कमी झाले त्यांतलीही बहुतेक आली नाहीत. लहान मुलाला वाटतं, मास्तरांनी लिहिलं म्हणजे खरं. आपणच कुठेतरी चुकलो असू. त्या मुलीने ११ गुणांचा कागद मुकाट्याने घरी नेला.

त्या पोराच्या भांडणामुळे मी कागद पुन्हा काढला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. दुसऱ्या दिवशी सतरा नंबर गैरहजर. तिसऱ्या दिवशीही गैरहजर. मी सायकल काढली आणि पाच किलोमीटरवर तिच्या गावी गेलो. ती आईबरोबर वावरात निंदणाला गेली होती. वडील ओट्यावर होते. म्हणाले, "गुरुजी, पोरीचं डोकं चालत नाही म्हणते कागद. मंग कायले शिकवाव? यंदा निंदणाले मजूरही भेटत नाही."

मी त्यांना सांगितलं, लिहिण्यात चूक झाली, तिला ४४ आहेत. ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पोरगी सोमवारी शाळेत आली. पण 'लिहिण्यात चूक झाली' एवढंच मी म्हणालो. कुणाच्या लिहिण्यात, ते नाही म्हणालो. वर्गातही नाही आणि मुख्याध्यापकांसमोरही नाही. गणिताच्या सरांकडे सगळे थोडे दिवस जरा तिरके बघत होते, आणि मी ते बघू दिलं. ते सर आता नाहीत.

नातीला हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आबाजी, हाच तो बग."

आता माझं मत. त्यासाठीच तर हा प्रपंच.

माझं पहिलं म्हणणं असं, की दोन माणसांनी किंवा दोन यंत्रांनी एकमेकांना काही सांगायचं असेल तर नावाने सांगावं, जागेच्या नंबराने नव्हे. नात म्हणाली, पडद्याच्या भाषेत नाव लिहिलं तरी आत शेवटी आकडाच जातो. मग फरक काय? फरक हा, की नावाचा आकडा दर वेळी मूळ यादीत बघून यंत्र काढतं. मधे नवं नाव घुसलं तरी बिघाड हा बिघाडच राहतो. नुसता आकडा लिहिला की तो एका माणसाने एका दिवशी यादी बघून केलेली नक्कल असते. यादी बदलते, नक्कल बदलत नाही. गणिताच्या सरांचा कागद म्हणजे अशी नक्कल होती.

त्यातही यंत्राच्या खोड्या आहेतच. या नावाचं पहिलं अक्षर इंग्रजी मोठ्या लिपीतलं नसेल तर क्यूएमएलला ते दिसतच नाही. पडद्याच्या बाजूला नाव लिहिताना शुद्धलेखन चुकलं तर बहुतेक वेळा यंत्र ओरडत नाही, 'व्याख्या नाही' अशा अर्थाचं काहीतरी मनात धरून निमूट पुढे जातं. म्हणजे शुद्धलेखनाचं महत्त्व आमच्यानंतरही टिकून आहे. बरं वाटलं!

दुसरं म्हणणं. नाव पुरेसं नाही, यादीही एकच हवी. आपल्याकडचं उदाहरण देतो. गोकुळाष्टमी आपली श्रावण वद्य अष्टमीला. आमच्या यवतमाळच्या बाजारात उत्तरेकडचे व्यापारी आहेत, त्यांच्या पंचांगात तोच दिवस भाद्रपद कृष्ण अष्टमी. दिवस एक, महिन्याचं नाव वेगळं, कारण आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला. दोघेही बरोबर. पण पत्राने तिथी कळवायची तर कुठलं पंचांग ते सांगावं लागेल. नात म्हणाली, "आमच्याकडे अगदी हेच आहे!" त्या क्यूटी संचात मागच्या भाषेत सोमवार १ आणि रविवार ७. पुढच्या भाषेत मात्र रविवार ०. एकाच घरात, एकाच छपराखाली! त्यांच्या पुस्तकात तशी सूचनाच छापलेली आहे म्हणे, की सावध राहा.

तिसरं. मी नंबरांच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नये. नंबराचाही एक धर्म आहे. प्रत्येक शाळेत हजेरीपटाशिवाय आणखी एक वही असते, दाखल-खारीज रजिस्टर. जनरल रजिस्टरही म्हणतात. त्यात मुलाला जो नंबर मिळतो तो कायमचा. नवा मुलगा आला की शेवटी लिहायचा, मधे घुसवायचा नाही. मुलगा शाळा सोडून गेला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. चाळीस वर्षांनी माणूस दाखला मागायला येतो तेव्हा त्या नंबरावर तोच सापडतो.

सरकारही हे कधी कधी छान पाळतं. शाळांना जो अकरा आकडी यूडायस क्रमांक असतो, त्यात आमच्या जिल्ह्याच्या शाळांचा क्रमांक २७१४ ने सुरू होतो. २७ महाराष्ट्र, १४ यवतमाळ. २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्याला ठाण्याच्या शेजारी बसवून सगळ्यांना पुढे नाही ढकललं. त्याला शेवटचा ३६ दिला. पट सुरेख दिसला नाही, पण आमच्या पोरांचे गुण जागेवर राहिले. आणि हेही खरं की नावं बदलतात, नंबर टिकतात. उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण गाड्यांवरचा एमएच २५ तोच. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, एमएच १६ तोच. आमच्या यवतमाळला इंग्रजीत 'येवतमाळ' असं लिहीत असत, आज एमएच २९ म्हटलं की कुठलंही लेखन चालतं.

म्हणजे नंबर दोन प्रकारचे. एक जागेचा नंबर, रांगेत कितवा उभा आहे तो. दुसरा ओळखीचा नंबर, तू कोण आहेस तो. हजेरीपटाचा नंबर जागेचा, दाखल-खारीजचा ओळखीचा. जागेचा नंबर ओळखीचा म्हणून वापरला की घात होतो. माझी चूक तीच आणि त्या मुलाचीही तीच. नातीला मी म्हटलं, यादीत प्रत्येक नावापुढे आकडा स्वतःच्या हाताने लिहून टाक, नवा शब्द शेवटच्या आकड्यावर घे, गेलेल्याचा आकडा पुन्हा देऊ नकोस. ती म्हणाली, प्रोग्रामच्या बाहेर काही साठवायचं असेल तेव्हा आम्ही हेच करतो. पडद्याला मात्र ती नावांचीच ओळख करून देणार.

चौथं आणि शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. यादीत नसलेला आकडा आला तर पडद्याने कोरं राहू नये. 'मला हे समजलं नाही' असं मोठ्या अक्षरांत सांगावं. मी 'गै. ह.' लिहिलं हीच माझी खरी चूक होती. पट आखण्याची चूक कुणाच्याही हातून होते. पण आकडा नाही म्हटल्यावर थांबून विचारायचं सोडून मी माझ्या सोयीचा अर्थ लावला. थांबलो असतो तर त्याच मिनिटाला सगळं उघडं पडलं असतं.

हे सगळं फक्त यंत्रांपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. आज आमच्या भागातला प्रत्येक माणूस अशा यादीत बसवला जातो आहे. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून शेतकरी स्वतः मोबाइलवर आपलं पीक नोंदवतो. पडद्यावर यादी उघडते, त्यातलं एक निवडायचं. कपाशीत तुरीच्या ओळी टाकणारा आमचा माणूस, त्याला निर्भेळ आणि मिश्र यांतला फरक गाव नमुना बारामुळे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण तो जे नाव निवडतो ते मागे कुठल्या आकड्याने जातं, आणि पुढे दुसऱ्या कुठल्या कचेरीच्या पडद्यावर तो आकडा कुठलं नाव होऊन उमटतो, हे त्याला दिसत नाही. विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, सगळं त्या नोंदीच्या आधाराने. आणि तोही त्या सतरा नंबरसारखाच आहे. कागदावर आलं ते खरं मानून गप्प घरी जाणारा. भांडायला येणारे थोडे असतात हो. यादी करणाऱ्याने भांडणाऱ्यांच्या भरवशावर राहू नये.

म्हणून माझं तरुण मंडळींना सांगणं आहे, आणि या ब्लॉगवर येणाऱ्यांत अशी कामं करणारे बरेच आहात. त्या चार ओळींचा कंटाळा करू नका. आकड्याच्या मागे नाव असतं आणि नावाच्या मागे कुणीतरी ओट्यावर बसलेलं असतं.

असो. नात गेली परत. काल फोन आला, नवा पडदा तपासणीत पास झाला. अनोळखी आकडा आला तर आता पिवळी पट्टी येते आणि 'अवस्था समजली नाही' असं लिहून येतं. मी म्हटलं, शाब्बास.

त्या वर्गातली बेचाळीस नावं आता मला आठवत नाहीत. सतरा नंबरचं आठवतं. सोळा नंबरचं म्हणायला हवं खरं तर.

तुमच्याही कामात अशा यादीने कधी दगा दिला असेल तर जरूर लिहा. कुणाच्या हातून झालं तेही लिहिलंत तर अधिक बरं. मला एवढी वर्षं लागली, तुम्हाला लागू नयेत.